मिळवलेला एक तास

व्हर्ना नातिउक आमच्या शहरात राहायला आली तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती आणि तोवर तिनं समुद्र पाहिलेला नव्हता. आमचं शहर म्हणजे सेंट जॉन. इथं फंडीच्या आखाताचं पाणी दिवसातून दोनदा घराच्या उंचीइतकं चढतं आणि तेवढंच उतरतं. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. ती आली सस्कॅचवानच्या सपाट मुलखातून. तिथं एका लहान गावाच्या पोस्टात तिनं एकटीनं सव्वीस वर्षं काम केलं होतं. त्या सव्वीस वर्षांत एक पत्र चुकीच्या खणात पडलं नाही, असं ती स्वतः कधी म्हणाली नाही. म्हणायचा तो तिचा नवरा, आणि अभिमानानं म्हणायचा.

नवऱ्याचं नाव मायरन. आमच्या कंपनीची तिकडची, यॉर्कटनची कचेरी बंद झाली तेव्हा त्याच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती. ती त्यानं इथल्या बंदरावरच्या कचेरीत काढायची ठरवली. त्याचं टेबल माझ्या शेजारी लागलं. माणूस नेमका, पेन्सिलीला टोक केल्याशिवाय कामाला हात न लावणारा. माझं त्याचं जमलं.

व्हर्नाला यायचं नव्हतं. घर, परसातले बटाटे आणि बीट, दोन गल्ल्यांपलीकडे राहणारी बहीण स्टेफी, हे सगळं सोडायचं होतं. तेव्हा मायरननं तिला शब्द दिला, की दर रविवारी तुला एक नवी जागा दाखवीन. आणि त्यानं तो पाळला, हे त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. त्यानं रेघांच्या वहीत रकाने आखले होते: ठिकाण, अंतर, निघण्याची वेळ, परतण्याची वेळ. सोमवारी सकाळी कोट अडकवता अडकवता तो मला आदल्या दिवसाचा वृत्तांत द्यायचा.

पहिल्या वर्षात ते दोघं जेवढं हिंडले तेवढं मी इथं सत्तावीस वर्षांत हिंडलो नाही. दीपगृहं झाली, जंगलातल्या पायवाटा झाल्या, धुक्यात बुडालेले कडे झाले. तो पुढं असायचा, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. ती मागं रेंगाळायची, दगड उलटून खालचे खेकडे बघायची. बाजारात वाळवलेलं जांभळं समुद्रशेवाळ मिळतं, ते आमच्याकडे लोक शेंगदाण्यासारखं खातात. पहिल्यांदा तिनं ते रुमालात थुंकलं. तीन महिन्यांनी तिच्या खिशात कायम त्याची कागदी पिशवी असायची. "जोड्याची वादी चघळतेय बघ," असं मायरन म्हणायचा, आणि ती मुद्दाम त्याच्या कानाजवळ तोंड नेऊन चघळायची. यायला नको म्हणणारी ती होती, पण समुद्राचं वेड लागलं ते तिलाच.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात ते गुहांच्या किनाऱ्यावर गेले. मायरननं सरकारी पुस्तिकेतून ओहोटीची वेळ काढली होती. ते बरोबर वेळेवर पोहोचले, पण गुहांच्या तोंडाशी पाणी अजून कमरेइतकं होतं. शिंपल्या खणायला आलेला एक म्हातारा बादलीवर बसला होता. त्यानं विचारलं, कुठले तुम्ही. सस्कॅचवानचे म्हटल्यावर तो पोट धरून हसला. पुस्तिकेतल्या वेळा बारा महिने हिवाळ्याच्या घड्याळाच्या असतात. उन्हाळ्यात आम्ही घड्याळं तासभर पुढं करतो, तेव्हा त्या वेळांत एक तास मिळवायचा. सस्कॅचवानमध्ये घड्याळाला कोणी हात लावत नाही. तिथं उन्हाळा आणि हिवाळा एकाच काट्यावर चालतात, त्यामुळे ही गोष्ट या दोघांच्या डोक्यातच नव्हती. तास वाळूत बसून काढला. व्हर्नाला त्याची गंमत वाटली. मायरननं घरी आल्यावर पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर लाल शाईनं लिहिलं: एक तास मिळवावा.

जुलैत टकर बेटाची पाळी आली. हे बेट किनाऱ्यापासून जवळ आहे. ओहोटीला मधला खडीचा पट्टा उघडा पडतो आणि पायी जाता येतं, भरतीला तोच पट्टा दोन पुरुष खोल पाण्याखाली जातो. पट्ट्याच्या अलीकडे एक दुकान आहे. तिथं त्या दिवसाच्या सुरक्षित वेळा पाटीवर लिहिलेल्या असतात: जायला दहा पन्नासपासून, परतायचं दोन चाळीसच्या आत. व्हर्नानं आत जाऊन दुकानातल्या बाईला विचारून घेतलं. बाई म्हणाली, या भिंतीवरच्या घड्याळाच्याच वेळा आहेत, यात काही मिळवायचं नाही, काही वजा करायचं नाही.

व्हर्नानं बाहेर येऊन मायरनला तसंच सांगितलं. तोवर त्यानं पाटीवरून आकडे वहीत उतरवून प्रत्येकात एक तास मिळवला होता.

"दुकानदारणीला काय कळतंय," तो म्हणाला. "वेळा सरकारी पुस्तिकेतनंच येणार ना? मग नियम एकच."

"अरे, तिनं मिळवूनच लिहिल्यात म्हणते ती."

"मे महिन्यात पण आपण असंच गृहीत धरलं होतं."

तिनं वाद घातला नाही. वहीच्या बाबतीत ती त्याच्याशी वाद घालत नसे.

बेटावर दिवस चांगला गेला. तिनं टोपीभर रानबेरी गोळा केल्या. अडीच वाजता ती म्हणाली, निघू या. तो म्हणाला, अजून तासभर आहे. सव्वातीनला ते पट्ट्यापाशी आले तेव्हा पट्टा नव्हता. आपली वेळ चुकली असं मानायला मायरनला आणखी पाच मिनिटं लागली, आणि तेवढ्यात तो पाण्यात उतरला होता. वीस पावलांवर पाणी छातीशी आलं. पायाखालची खडी सरकत होती. तिनं मागून त्याच्या कोटाला धरून त्याला ओढत परत आणलं. आमचं पाणी जुलैतही बर्फासारखं असतं. दोघं ओल्या कपड्यांत खडकावर बसून होते. पाच वाजता एक कोळी शेवंडीचे पिंजरे तपासून परत जात होता, त्याला तिनं लाल टोपी हलवून थांबवलं. त्या टोपीतल्या बेरी पाण्यात गेल्या.

कोळ्यानं त्यांना होडीत घेतलं, घोंगडी दिली, आणि इथल्या पद्धतीप्रमाणे टोमणाही दिला.

"अक्षरशत्रू दिसताय. तेवढी मोठी पाटी आहे तिथं. वेळ बघितली कोणी?"

मायरनचे दात वाजत होते. तो म्हणाला, "हिनं."

तो एवढाच शब्द बोलला. व्हर्नानं त्याच्याकडे पाहिलं. तो घोंगडीची कड नीट करत होता.

"मग बरोबर," कोळी म्हणाला. "बायकोच्या घड्याळावर चाललास तर असंच होणार, राजा."

हे सगळं मला पुढं तिच्याच तोंडून कळलं. त्या सोमवारी मला कळली ती मायरनची हकीकत. त्या कोळ्याचा चुलतभाऊ आमच्या गोदामात होता. गोष्ट दुपारपर्यंत कचेरीत पोहोचणार हे मायरनला ठाऊक होतं, म्हणून त्यानं सकाळीच ती स्वतः सांगितली. चांगली रंगवून सांगितली. व्हर्नानं पाटी वाचली, व्हर्नानं एक तास मिळवला, आणि मी बापडा तिच्यामागं चालत गेलो. सगळे हसले. मीही हसलो आणि जेवणाच्या सुटीत दोघातिघांना ती पुन्हा सांगितली. माझ्या सांगण्यात ती आणखी चांगली झाली असावी.

मग ते चालूच राहिलं. आमची कचेरी लहान आहे, आणि एक विनोद आम्हाला वर्षभर पुरतो. व्हर्ना मायरनला न्यायला गाडी घेऊन यायची. तेव्हा आमचा साहेब, डेल्बर्ट, खिडकीतून ओरडायचा, "काय पोस्टमास्तरीणबाई, आज पाणी किती वाजता चढतंय?" ती हात हलवायची. पोस्टात कोणाची पत्रं कशी पोहोचली असतील, यावरही मग बोलणं व्हायचं. ऑगस्टअखेर कचेरीची किनाऱ्यावरची सहल असते. कामाची वाटणी मी करतो आणि यादी लावतो. त्या वर्षी यादीच्या तळाशी मी लिहिलं: भरतीची वेळ व्हर्नाला विचारू नये. लोकांना ते फार आवडलं.

ती यादी मायरननं घरी नेली, का तिनं त्याच्या खिशात पाहिली, माहीत नाही. पण त्या रात्री जेवताना तिनं त्याच्यापुढं एकच गोष्ट ठेवली. होडीत तू घाबरला होतास, ते मला समजतं. पण कचेरीत तू घाबरलेला नव्हतास. आता सहलीला तेच सगळे लोक असतील. त्यांच्यासमोर एकदा उभा राहा आणि चूक कोणाची होती ते सांग. मला दुसरं काही नको. तोपर्यंत रविवारी मी तुझ्याबरोबर कुठंही येणार नाही.

तो हो म्हणाला. मधल्या तीन रविवारी वहीत काही लिहिलं गेलं नाही.

सहलीच्या दिवशी हवा मोकळी होती. मोठ्या पातेल्यात मक्याची कणसं उकळत होती, दुसऱ्यात शेवंडी. जेवणं अर्ध्यावर आली तेव्हा डेल्बर्टनं सवयीनं आवाज दिला, की व्हर्नाबाई, पाणी येतंय का बघा, नाहीतर सगळी कचेरी वाहून जायची. हशा झाला. तेव्हा मायरन उठला. हातातला कागदाचा रुमाल त्यानं घडी करून खिशात ठेवला.

"ती चूक तिची नव्हती," तो म्हणाला. "तिनं मला बरोबर सांगितलं होतं. तास मी मिळवला."

डेल्बर्टनं ग्लास उचलला.

"बघा, याला म्हणतात नवरा," तो म्हणाला. "बायकोचं खापर स्वतःच्या डोक्यावर घेतोय. शिका जरा."

टाळ्या पडल्या. बायकांनी आपापल्या नवऱ्यांना कोपरं मारली. कोणी म्हणालं, व्हर्ना, नशीब काढलंस. गोदामातल्या एकानं मायरनच्या पाठीवर थाप मारली. मायरन उभाच होता. त्याचं तोंड थोडं उघडलेलं होतं, पुढं काही बोलायचं असल्यासारखं. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. लाजरं, कौतुक घेणाऱ्याचं. आणि तो खाली बसला.

मी व्हर्नाच्या समोर होतो. तिनं हातातलं कणीस ताटात ठेवलं आणि बोटं पुसली. पुसून झाल्यावरही ती पुसत राहिली.

नंतर ती नळापाशी पातेलं घासत होती. मी मदतीला गेलो आणि काहीतरी गोड बोलावं म्हणून म्हणालो, की मायरननं आज तुझी बाजू राखली. ती पातेल्यातून मान वर न काढता म्हणाली, "तो खरं बोलला." मग तिनं मला सगळं सांगितलं: दुकानातली बाई, वही, होडी, तो शब्द, जेवताना घातलेली अट. आवाज न चढवता, क्रमानं. मी म्हणालो, मला माफ कर, त्या यादीबद्दल. ती म्हणाली, तुला जे सांगितलं गेलं ते तू लिहिलंस. एवढंच म्हणून तिनं पातेलं पालथं घातलं.

खुर्च्या गाडीत भरताना त्या दोघांची गाडी माझ्या शेजारी होती. काचा खाली होत्या. ऐकायचं नव्हतं, पण ऐकू आलं.

"म्हटलं ना मी," तो म्हणत होता. "सगळ्यांसमोर म्हटलं. त्यांनी नाही मानलं, त्याला मी काय करू?"

"ते हसल्यावर तू पुन्हा म्हणायला हवं होतंस."

"किती वेळा म्हणायचं?"

"ते मानेपर्यंत," ती म्हणाली. "कोळ्याला एकदाच सांगितलंस, त्यानं लगेच मानलं."

मायरननं गाडी चालू केली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात व्हर्ना गेली. भांडण झालं नाही, वकील झाले नाहीत. स्टेफीच्या घराचा खालचा मजला रिकामा होता. तिनं लहान गाडी घेतली, मागं चार खोकी ठेवली, आणि जवळजवळ चार हजार किलोमीटर एकटीनं गेली. पाच दिवस लागतील असं तिनं सांगितलं होतं, आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी ती पोहोचली. जायच्या आदल्या दिवशी ती मला बाजारात दिसली होती. शेवाळाच्या टोपलीपाशी उभी होती. दुकानदारानं किती बांधू विचारलं, तर ती म्हणाली, नको, तिकडं एकटीनं खायला चांगलं लागायचं नाही. आणि तिनं टोपलीतला एक तुकडा उचलून तोंडात टाकला, मायरन शेजारी असताना टाकायची तसा, पण चावला नाही. नुसता तोंडात धरून ती दाराकडे चालू लागली.

कचेरीत बातमी पोहोचली तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही. सपाट मुलखातली माणसं, त्यांना पाणी मानवत नाही, असं ठरलं. बेटावरच्या त्या दिवसापासून तिनं धास्ती घेतली, असंही ठरलं. मायरनबद्दल सगळ्यांना वाईट वाटलं. डेल्बर्टच्या बायकोनं त्याच्यासाठी दोन रविवार जेवण पाठवलं.

कॉफीच्या यंत्रापाशी कोणीतरी त्याला विचारलं, व्हर्ना परत येणार का रे. मायरननं कप भरून घेतला, झाकण नीट दाबलं.

"समुद्राची भीती बसली तिच्या मनात," तो म्हणाला. "मी खूप समजावलं."

विचारणारा चुकचुकला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, कारण मी तिथंच होतो. मायरननंही पाहिलं. मला सगळं ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं. व्हर्ना काही लपवून ठेवणारी नव्हती.

त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं होती, माझ्याही तेवढीच. टेबलं शेजारी शेजारी होती.

"होतं असं काहींचं," मी म्हणालो.