चेन उतरली

शेवटच्या भेटीत विनूने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि विचारलं, "ताई, मागचं चाक ओढून घेतलंस?" मी वैतागले. "आधी श्वास घे. चाक तू घरी येऊन ओढ." पहाटे हॉस्पिटलातून फोन आला... माझा धाकटा भाऊ गेला, आणि आमचं शेवटचं बोलणं सायकलचंच राहिलं.

ती सायकल वडिलांची, त्यांची पलटण झाशीजवळच्या बबिनाला होती तेव्हाची. नंतर आम्ही झाशीतच रुजलो आणि शेवटी घरात आम्ही दोघंच उरलो. विनू रोज सकाळी रेल्वेच्या पुलावरून इलाइट चौराह्यावर जायचा, दोस्तांबरोबर चहा प्यायचा. फुप्फुसं थकली आणि तो चढ त्याला झेपेना. "पूल बंद म्हणजे मीच बंद," म्हणायचा. मी म्हटलं, गियरची नवी घे. ऐकेल तर तो विनू कसला! मानिक चौकातून गियरचा संच घेऊन आला. दुकानदाराने बजावलं होतं, "भाईसाहब, इस फ्रेम में गियर टाँगने की जगह ही नहीं है." खरंच नव्हती. गियरचं चाकही रुंद, मागच्या दोन दांड्यांत मावेना. विनू दांड्या फाकवायला बसला. पाना फिरला की लोखंड कुरकुरायचं, विनूला धाप लागायची; आधी काय मोडेल सांगता येईना. "बस कर!" मी ओरडले. तो थांबला, दांडीवरून हात फिरवत राहिला... "खरंय. हिला झेपेल तेच हिला द्यावं." गियर परत गेले. पुढे छोटी दातेरी चकती आली, मागे मोठी; पायडल हलकं, चाल गोगलगायीची. जुन्या फ्रेमला मागे लांब खाच असते, तिच्यात चाक मागे ओढलं की चेन ताणून बसते. सगळी मदार दोन नटांवर.

पहिल्या दिवशी मी स्कूटीवरून मागेच होते. अर्ध्या चढावर... खट्! नट ढिले पडून चाक पुढे सरकलं होतं. मागून ट्रकचा हॉर्न, विनू कठड्याला धरून उभा, ओठ निळे, आणि ओरडतोय, "ताई, चेन उतरली!" जन्मभर मी त्याला टोकत आले, अरे, हिंदी नको, 'पडली' म्हण, उतरायला ती काय गाडीतून आलीय? त्या दिवशी टोकायचं सोडून मी आधी त्याला धरलं. आम्ही पायी परत आलो. आठवड्याच्या आतच त्याला हॉस्पिटलात न्यावं लागलं.

परवा मीच पाना हातात घेतला. चाक ओढलं, नट जीव खाऊन आवळले आणि मी पुलाकडे निघाले. गुडघे शिव्या देत होते, कान चेनकडे लागलेले. ट्रक शेजारून गेला की हँडल थरथरायचं. चेन टिकली. पुलाच्या माथ्यावर मी थांबले आणि भर रस्त्यात रडले. त्याची जोडणी बरोबर होती, नुसते चाक ओढून नट घट्ट आवळायचे राहिले होते.

पलीकडे उतरताना सायकल खड्ड्यात आदळली. एक रिक्षावाला म्हणाला, "अम्माजी, चेन उतर गई आपकी."

मी वाकून पाहिलं. 'पडली' अगदी ओठांवर आलं होतं...

"उतरली रे, विनू," मी म्हणाले.