सभ्य प्रोग्राम आणि शेठचे पत्ते

"मॅडम, तुमच्याच मशीननं सांगतलं ना, का सॉफ्टवेअर सभ्य हाये? मंग फाइली कोनं बंद केल्या? या बाईनंच!"

दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंग मिलचे मालक, म्हणजे शेठ, ऑफिसच्या ऑपरेटर वंदनाताईंवर तापले होते. दोनदा त्या कॉम्प्युटरवर कामाला बसल्या आणि दोन्ही वेळा सगळ्या फाइली कुलूपबंद झाल्या. शेठ स्वतः कॉम्प्युटर लावून समोर चहा पीत बसले, तेव्हा काहीच झालं नाही. त्यांनी ताईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगून टाकलं होतं. मला ताईंचं फार वाईट वाटलं.

माझं काम असं. अनोळखी प्रोग्राम सँडबॉक्समध्ये, म्हणजे बंदिस्त कॉम्प्युटरमध्ये चालवायचा. आत त्यानं कितीही धुडगूस घातला तरी बाहेर धक्का लागत नाही. तो काय उघडतो, काय पुसतो, त्यावरून आमचं मशीन आपोआप शिक्का मारतं: सभ्य, संशयित किंवा घातक.

माझा संशय होता त्यांच्या कॉम्प्युटरवरच्या, जुना मराठी फॉन्ट बदलून देणाऱ्या एका फुकट प्रोग्रामवर. पण सँडबॉक्समध्ये तो इतका गुणी वागला की मला त्याचा रागच आला. मी त्याच्या हालचाली पुन्हा वाचल्या. गडी फक्त एकच गोष्ट सारखी बघत होता: माउस हलतोय का? माझ्या सँडबॉक्समध्ये माउस हलवणार कोण? तपासणीला साहेब आल्यावर वर्ग बसतो, तसा तो हाताची घडी घालून बसला होता.

मी तोच प्रोग्राम टाकलेला, खोट्या फाइली भरलेला टेस्टिंगचा लॅपटॉप शेठपुढे सरकवला. "शेठ, जरा पत्ते खेळता यावर?"

"कायले?"

"मशीनला चालता हात पाहिजे."

शेठ खुलले. बाह्या सरसावून खेळायला लागले. दुसरा डाव रंगात आला आणि स्क्रीन लाल झाली. एकेक फाइल बंद. आमच्या मशीननं शिक्का बदलला: घातक.

शेठ खुर्चीतून उठलेच. "मी काहीच नाई केलं! मी तं पत्ते खेळून राह्यलो होतो!"

वंदनाताई सकाळपासून पहिल्यांदा बोलल्या. "मले मालूम हाये, शेठ. असंच होते."

शेठनी घसा खाकरला. "बाई, उद्या टायमावर या."

"उद्या मी सुट्टी घेऊन राह्यली," ताई म्हणाल्या. शेठनी मुकाट्यानं मान हलवली.

फाइली बॅकअपमधून परत आल्या. मी धडा घेतला: कामाला लावल्याशिवाय कुणालाही सभ्य म्हणायचं नाही. आता आमच्या सँडबॉक्समध्ये माउस हलवत बसणारा एक छोटा प्रोग्राम असतो. त्याला मी 'शेठ' असं नाव दिलंय. शेठना अजून सांगितलेलं नाही.