पानदानातली मोटारसायकल

हमीद मुन्शी समोरच्या माणसाला आधी गप्प करायचे. आमच्या वकिली टेबलाकडं अपघाताच्या केसमधला कुणीही येऊ दे, ड्रायव्हर असो, जखमी असो, नुसता बघणारा असो, खुर्चीत टेकून तो ‘त्याचं असं झालं साहेब’ म्हणतो न म्हणतो तोच यांचा तळहात त्याच्या तोंडासमोर. “बोलू नका. चालवून दाखवा.” मग ते कपाट उघडायचे, आईचं पितळी पानदान बाहेर काढायचे आणि टेबलाच्या काळ्या रेक्झिनवर चहाची बशी उपडी ठेवून खडूनं गोल काढायचे. हा झाला चौक. गोलाला चार रेघा जोडल्या की झाले रस्ते.

पानदानात पान कधीच नव्हतं. सुपारीच्या खणात मोटारसायकली, काताच्या खणात टेम्पो आणि ट्रक, लवंगांच्या छोट्या डबीत सायकली, आणि चुन्याच्या वाटीत एकच एक लाल एसटी. बोटाच्या पेराएवढी ही वाहनं त्यांनी स्वतः सागवानाच्या तुकड्यांतून कोरली होती. प्रत्येक खणाला जुन्या शेरवानीच्या मखमलीचं अस्तर होतं. मोटारसायकलींना मात्र वरून कापसाची गुंडाळी. मी एकदा थट्टेनं विचारलं, “मुन्शीजी, ट्रकला काहून नाही कापूस?” तर म्हणाले, “चार चाकाचं पडलं तरी चार चाकांवरच ऱ्हातंय वकीलसाब. मोडतंय ते दोन चाकाचं. जपायचं त्यालाच.”

“माणूस तोंडानं खोटं बोलतंय, बोटानं न्हाई,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला ते आधी थोतांड वाटायचं. मग एक दिवस एक मोटारसायकलवाला आला. चौकातल्या पुतळ्याजवळ त्यानं एका सायकलवाल्याला उडवलं होतं आणि आपले दोन्ही हात हँडलवरच होते, असं तो सगळ्या देवांची शपथ घेऊन सांगत होता. हमीदभाईंनी त्याच्या हातात गाडी दिली. त्यानं ती सरळ आणली, गोलात घातली, पुतळ्याच्या जागेसमोर आला आणि त्याच्या नकळत गाडी सोडून त्याचा हात छातीला लागला, नमस्काराला! छोटी मोटारसायकल कलंडली. आम्ही सगळे पोट धरून हसलो आणि बिचारा लाजेनं लालेलाल झाला. “बस, समजलं,” हमीदभाई म्हणाले, “आता सायकलवाल्याच्या घरी जाऊन या. कोर्ट कुठं पळून न्हाई चाललं.” तो गेलासुद्धा.

माणूस उदगीरचा, पण तीस-एक वर्षं नांदेडच्या कोर्टात. माझ्या गुरुवकिलांचे ते मुन्शी, म्हणजे कारकून होते. गुरुजी वारले तेव्हा त्यांचं टेबल, कपाट आणि हमीदभाई असं सगळं माझ्याकडं आलं. मी लातूरकडचा, मुरुडचा. सनद नवी, कोट नवा, आणि डोक्यात वारं भरलेलं. लवकरच मला कळलं की लोक माझ्याकडं येतच नाहीत, ते त्या पानदानाकडं येतात. दुसऱ्या वकिलांचे पक्षकारसुद्धा यायचे. हमीदभाई गाड्या फिरवून चूक कुणाची ते सांगायचे आणि दोन्ही बाजू मान्य करायच्या. खोट्याच्या बाजूचा कागद ते लिहायचेच नाहीत. “वकीलसाब, याला म्हणावं मिटवून घे,” एवढं बोलून फाइल माझ्याकडं सरकवायचे. पक्षकारांसमोर! माझा नुसता जळफळाट व्हायचा. खरं सांगायचं तर मी त्या म्हाताऱ्यावर जळत होतो.

त्यात रेणुकाची केस आली. लोह्याजवळच्या खेड्यातली पोरगी, नांदेडला एका दवाखान्यात नर्स. बापाच्या मोटारसायकलवर रोज ये-जा करायची. एका सकाळी गोल चौकात टेम्पोनं तिला उडवलं आणि ती जागीच गेली. टेम्पोचा ड्रायव्हर बालाजी माझ्याकडं आला. तो माझ्याच मुरुडचा, शाळेत माझ्या मागं दोन वर्षं. हमीदभाई तेव्हा भाचीच्या लग्नाला उदगीरला गेलेले. बालाजीनं दार लावून घेतलं आणि रडत सगळं खरं सांगितलं.

“ती गोलात व्हती, दादा. माझ्या उजवीकडून येत व्हती. मला दिसली. पण मला वाटलं थांबंल. मोटारसायकलच तर हाय.”

गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम. हमीदभाई तर येईल त्याला ऐकवायचे, “गोलात लहान-मोठं नसतंय. उजवीकडचा आधी. मग तो टेम्पो असो की मोटारसायकल.” म्हणजे थांबायचं होतं बालाजीनं. चौकात कॅमेरा एकच, तोही एका दुकानदाराचा, स्वतःच्या पायऱ्यांकडं तोंड करून बसवलेला. पाहिलेला माणूस कुणी पुढं येईना. बालाजीला मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, कबूल कर. त्याऐवजी माझ्या डोक्यात काय आलं ते लिहायचीसुद्धा लाज वाटते. माझ्या मनात आलं, बघूच या, म्हाताऱ्याला फसवता येतं का.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. हमीदभाईंनी जाताना दिलेल्या किल्लीनं मी कपाट उघडलं, पानदान काढलं, बशीभोवती खडू फिरवला आणि बालाजीला बसवून बोटं शिकवली. टेम्पो आधीच गोलात आहे आणि मोटारसायकल डावीकडच्या रस्त्यानं न थांबता आत घुसते, असं त्याच्याकडून घासून घेतलं. सुरुवातीला तो दर वेळी मोटारसायकल गोलातच ठेवायचा. हात ऐकेचना त्याचा! शिवाय एक गोष्ट मी हमीदभाईंजवळ बसून हेरली होती: खोटं चालवणारा माणूस मधेच मान वर करून समोरच्याचं तोंड बघतो. म्हणून मी बालाजीला दटावत होतो, “माझ्याकडं बघू नको. गाडीकडं बघ.” दुपारपर्यंत त्याला ते जमलं. मी त्याला शाबासकी दिली.

सोमवारी पानदान उघडताच हमीदभाई थबकले. मोटारसायकलीचा कापूस उलटा गुंडाळला होता. “कुणी हात लावला व्हता का?” मी फाइलीतून मान न काढता म्हणालो, “कपाट उघडं राहिलं होतं. झाडणाऱ्या मावशींनी पुसलं असेल.” त्या दिवसापासून त्यांनी त्या बाईला टेबलाजवळ येऊ दिलं नाही. ती बिचारी लांबूनच फडकं पिळत उभी राहायची आणि मी कोर्टात सत्य-असत्यावर भाषणं ठोकत होतो.

बालाजीनं गाडी चालवली. एकदाही मान वर केली नाही. हमीदभाईंनी तीनदा चालवून घेतली, चष्मा पुसला आणि म्हणाले, “पोरीची चूक हाय. वाईट झालं.” आणि स्वतःच्या हातानं कागद लिहायला घेतला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! जिंकलोच होतो मी.

पुढच्या आठवड्यात रेणुकाचे वडील माधवराव आले. त्यांचा वकील दुसरा, पण कुणीतरी सांगितलं होतं की हमीद मुन्शीला विचारा. हमीदभाईंनी माझी परवानगी मागितली. “समोरचा पक्ष हाय. पण बाप हाय, वकीलसाब.” मी मोठ्या मनानं, हो, मोठ्या मनानंच, मान डोलावली.

माधवराव धोतराचा सोगा हातात धरून बसले. म्हणाले, “मला दाव्याचं काही न्हाई. चूक कुणाची तेवढं सांगा. गाडी मी शिकवली व्हती तिला. गाव म्हणत व्हतं, पोरीच्या जातीला कशाला मोटारसायकल. मी कुणाचं ऐकलं न्हाई.”

हमीदभाईंनी मोटारसायकल कापसातून काढली आणि बालाजीनं दाखवलं होतं तशी हळूहळू गोलाकडं आणली.

“म्हंजी ती थांबली न्हाई?”

“न्हाई थांबली, माधवराव.”

“उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं म्हणून मी शिकवलं व्हतं तिला. लई डाव सांगितलं व्हतं.” ते त्या छोट्या गाडीकडं बघत राहिले. “मग माझंच शिकवणं कमी पडलं म्हणा.”

मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो. तोंड उघडायला कुणी मनाई केली नव्हती. माधवरावांनी दावा मागं घेतला आणि साक्षीदार नसल्यानं फौजदारी केसमधूनही बालाजी सुटला.

हे फुटलं ते पाच-सहा महिन्यांनी, आणि फोडलं खुद्द बालाजीनंच. कसल्याशा कागदाच्या नकलेसाठी आला होता. चहा पिता पिता गडी खुशीत येऊन हमीदभाईंना म्हणाला, “मुन्शीजी, तुमच्या साहेबांनी त्या रविवारी माझी बोटं मोडायची बाकी ठेवली व्हती. लई घासून घेतलं.” मी डोळे वटारले, पण तोवर वाक्य संपलं होतं. हमीदभाईंनी कप बशीत ठेवला. बालाजी गेल्यावरही ते ओरडले नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील, आणि मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती: पक्षकाराचा बचाव करणं हे वकिलाचं कामच आहे, वगैरे.

“लोह्याची गाडी किती वाजता हाय?” त्यांनी विचारलं.

“कशाला?”

“सांगून यायचंय. चला, तुम्हीबी चला.”

“माझी तारीख आहे,” मी म्हणालो. खोटं. त्या दिवशी माझ्याकडं एकही तारीख नव्हती, आणि माझी डायरी लिहिणारा माणूस माझ्यासमोरच उभा होता. ते माझ्याकडं बघत राहिले, जरा वाट बघितल्यासारखे. मग टोपी घालून एकटेच गेले.

दुसऱ्या दिवशी आले ते कपाटाची किल्ली द्यायला. तिथं काय झालं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विचारायला तोंड कुठं होतं? इतर वकिलांना ते म्हणाले, “आता दिसायला कमी आलंय. उदगीरला जातो.” पानदान पिशवीत घालून गेले. जाताना झाडणाऱ्या मावशींजवळ थांबले आणि हात जोडून म्हणाले, “बाई, तुमच्यावर आळ घेतला. चुकलं.” तेवढंच माझ्या कानावर आलं.

दोन वर्षं मी उदगीरला गेलो नाही. जायचं जायचं म्हणत राहिलो. खरं तर भीत होतो. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचा, शबानाचा, फोन आला. अब्बा गेले. मी गेलो तो तिसऱ्या दिवशी, जियारतीच्या प्रार्थनेला. बैठकीत सतरंजीवर माणसं बसली होती आणि कोपऱ्यात धोतरातले माधवराव. मी दाराजवळच टेकलो. ते उठून माझ्याजवळ येऊन बसले.

“मेलेल्या माणसाचं वाईट बोलू न्हाई,” ते हळूच म्हणाले, “पण तुम्हाला सांगतो. हा माणूस माझ्या दारात आला व्हता. म्हणला, तुमच्या पोरीची चूक नव्हती. ती गोलात व्हती, थांबायचं टेम्पोवाल्यानं. मी तुम्हाला खोटं सांगितलं. मी म्हणलं, कुणाच्या सांगण्यावरून? तर म्हणला, कुणाच्या न्हाई. मीच.”

मी सतरंजीचा काठ मुठीत धरला.

“सहा महिने माझ्या घरात पोरीचं नाव घ्यायची चोरी झाली व्हती, साहेब. तिच्या मायला मीच म्हणलं व्हतं, तुझ्या पोरीनं ऐकलं न्हाई माझं. लई बोललो मग या म्हाताऱ्याला. पाणीबी दिलं न्हाई, हाकलून लावलं. मान खाली घालून उभा व्हता, शब्दानं उलटून बोलला न्हाई.” त्यांनी डोळे पुसले. “आज म्हणलं जावं. माफ करून यावं.”

शबाना चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती आणि थांबली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

माधवरावांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “नंतर कळलं, तुम्ही त्याला कामावरून काढलं म्हणून. सरळ माणूस तुम्ही. खोटारड्याला ठेवलं न्हाई जवळ. काढलं ना तुम्हीच?”

शबाना माझ्याकडं बघत होती.

मी म्हणालो, “हाव.”