काकूंचं रिकामं अर्धं पटांगण

शकुंतलाकाकू रोज सकाळी जिथं काहीच नसे ती जागा झाडायच्या. नांदुऱ्यात स्टेशनच्या मागच्या अंगाला त्यांची डाळ मिल होती आणि मिलपुढं तूर वाळवायचं सिमेंटचं पटांगण. अर्ध्यात साल सुटावी म्हणून तेल-पाणी लावलेली तूर पसरलेली असे. उरलेलं अर्धं भर हंगामातही मोकळं. तरी काकू त्यावर वाकून झाडू मारत आणि एखादा खडा दिसला की तोंडानं काहीतरी पुटपुटत तो कुंपणापलीकडे फेकत. कुंपणापलीकडे माझी मिल होती.

ती मी नुकतीच काढली होती. त्याआधी बुलढाण्याला तीन दिवसांचं उद्योजकांचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो. कडक इस्त्रीतल्या एका साहेबांनी पडद्यावर बाण काढून सांगितलं, की नव्या धंद्यात रिकामी जागा, रिकामं यंत्र, रिकामा माणूस म्हणजे नुसती गळती. या साहेबांनी आयुष्यात पानटपरीही चालवली नसावी. पण मी ते वाक्य लाल शाईनं उतरवून त्याखाली दोन रेघा मारल्या. असल्या वह्या आम्ही शिकलेले लोक फार जपून ठेवतो.

आणि आठवड्याच्या आत वही घेऊन, साहेबांचे बाण दाखवत काकूंनाच शिकवायला गेलो.

"काकू, अर्धं पटांगण वाया चाललंय. भरलं तर मिल दुप्पट चालेल."

काकूंनी झाडू थांबवला नाही. "काऊन बे, जेवतानी तू नाकापर्यंत भरून घेतं का? मंग श्वास कुठून घेशीन?"

बाई अडाणी आहे, असं मी मनात ठरवून टाकलं. त्यांनीही माझ्याबद्दल काहीतरी ठरवलंच असणार, फक्त ते त्यांनी मनात ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी अर्ध्या बाजाराला माहीत होतं.

बरं, काकूंना नुसतं जास्तीचं सामान आवडत होतं असंही नाही. त्याच रस्त्यावर अनुदानाच्या जोरावर एकानं तीन शेड, एकाला एक जोड अशी दोन यंत्रं आणि गार हवेची केबिन थाटली होती. त्याचं नाव निघालं की काकू नाक मुरडत. "त्याच्यापाशी सारंच जास्तीचं हाय. एका मशीनचा पट्टा तुटला का तो दुसरीवर जाते, पयली तशीच पडून राह्यते. मोकळं ठेवाव, पन रोज हात लावाव त्याले." दोन हंगामांत त्या शेडमध्ये कबुतरं राहायला आली. केबिन मात्र शेवटपर्यंत गार होती म्हणतात.

मला पहिल्याच हंगामात खामगावच्या एका व्यापाऱ्यानं मोठा माल दिला. ही तूर नीट निघाली तर पुढचा सगळा माल माझ्याकडे, बिघडली तर बाजारात माझं नाव संपलं, इतकं ते सरळ होतं. मी काय केलं? पटांगणात चार हात जागा उरत होती म्हणून आणखी दोघांची तूर घेतली आणि तीही ओली करून पसरली. सिमेंटचा ठिपकाही दिसेना. त्या दिवशी मी पटांगणाचा फोटो काढून साहेबांना पाठवला. त्यांनी शाबासकीचा अंगठा पाठवला.

मग आभाळ आलं. पाऊस नाही, ऊन नाही, नुसतं मळकट आभाळ. अशा दिवसांत तूर अगदी पातळ पसरावी लागते, म्हणजे दुप्पट जागा लागते. माझ्याकडे टोपलीभर जागा नव्हती. तिसऱ्या दिवशी तुरीत हात घातला तर खालचा थर गरम लागला आणि आंबूस वास आला.  तसाच काकूंच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो.

"बोलाव ना साह्यबाले," काकू म्हणाल्या. "बाणानं वाळवीन तो."  मग कुंपणावरून माझ्या तुरीकडं बघून म्हणाल्या, "झाडू घेऊन ये."

"झाडलेलंच आहे की, काकू."

"ते मी माह्यासाठी झाडलं. तुह्यासाठी तू झाड."

मी झाडलं. काकू बाजेवर बसून कोपरे दाखवत होत्या. मग दोन्ही मिलच्या बायकांनी माझी तूर वाहून तिथं पातळ पसरली, काकू स्वतः अनवाणी पायांनी ती फिरवत राहिल्या, आणि नुसत्या वाऱ्यावर माल सुकला. व्यापाऱ्याला वाससुद्धा लागला नाही. नांदुऱ्याला मात्र सगळी हकिकत कळली. पुढं कित्येक वर्षं काकू मला बाणवाला म्हणत.

गेल्या वर्षी काकू गेल्या. त्यांचा मुलगा सतीश पुण्याहून आला, आणि वर्षश्राद्धाच्या आत त्यानं त्या मोकळ्या अर्ध्यावर गोदाम बांधलं. जागा नुसती पडून होती म्हणाला. मला त्याचा इतका संताप आला की मी वास्तुपूजेच्या जेवणालाही गेलो नाही.

या हंगामात पुन्हा तसंच आभाळ आलं. तिसऱ्या दिवशी सतीश माझ्या फाटकाशी उभा. चेहरा मी ओळखला, एकदा तो माझाच होता.

"दादा, थोडी जागा मिळेल का?"

माझ्यामागं अर्धं पटांगण मोकळं होतं, सकाळीच झाडलेलं. त्याला सुनवायला जिभेवर दहा वाक्यं आली, एकाहून एक झोंबणारी. सगळी काकूंची होती.

"हाय," मी म्हणालो. "झाडू घेऊन ये."

तो झाडू आणायला वळला आणि मला रडू फुटलं. काकूंना खांदा दिला त्या दिवशीही मी रडलो नव्हतो.