घासलेला गोळा आणि पाच म्हशी

माझे मेहुणे मुरगूडला दुग्धव्यवसाय करतात. दरवर्षी दिवाळीच्या आधीच्या रविवारी ते कोल्हापूरला येतात आणि आम्ही दोघं एका मॉलमध्ये तीन डाव बोलिंग खेळतो. तिन्ही डावांची बेरीज करून निकाल लागतो. मेहुणे हरले तर त्यांनी माझी स्कूटर धुवायची, मी हरलो तर पाडव्याच्या सकाळी मुरगूडला जाऊन त्यांच्या म्हशी धुवायच्या. पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यावर काढतात, त्यामुळे त्या स्वच्छ लागतात. तीन वर्षांत मी एकूण अकरा म्हशी धुतल्या. स्कूटर एकदाही धुतली गेली नाही.

म्हशी धुण्याचं मला वाईट वाटत नाही. पण मुरगूडची सगळी गल्ली ते बघायला दारात उभी राहते, आणि कागलच्या एमआयडीसीत ज्याच्या सहीशिवाय एक सुटा भाग बाहेर पडत नाही तो माणूस शेपटीचा फटका खाऊन चष्मा शोधत असतो.

म्हणून यंदा मी स्वतःचा गोळा घेतला. पुण्याच्या एका सहकाऱ्याकडून, वापरलेला, निळा. गोळा आमच्या स्वयंपाकघरात गव्हाच्या डब्याशेजारी राहू लागला.

खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लेन साठ फूट लांब असते. त्यातल्या पहिल्या साधारण चाळीस फुटांवर पातळ तेल लावलेलं असतं, पण ते डोळ्यांना दिसत नाही. बोटांनी पीळ देऊन टाकलेला गोळा तेलावरून सरळ जातो आणि पुढच्या कोरड्या भागात वळून पिनांवर तिरका आदळतो. गोळा फार गुळगुळीत आणि तेल जास्त असेल तर तो वळतच नाही. गोळा घासून खरबरीत केला तर तेलातही पकड घेतो, पण तेल कमी असेल तर फार लवकर वळतो आणि पिनांच्या पुढून निघून जातो. म्हणजे तेल किती आहे ते बघून गोळा किती घासायचा हे ठरवायचं.

हे वाचलं आणि मला वाटलं, हा तर आपलाच विषय आहे. पृष्ठभागाचा खडबडीतपणा मोजणं हेच माझं काम. साहेबांची रीतसर परवानगी घेऊन मी जेवणाच्या सुट्टीत गोळा कंपनीतल्या यंत्राखाली धरला. पॉलिश केलेला गोळा शून्य पूर्णांक दोन मायक्रॉन. भांडी घासायच्या हिरव्या घासणीने, पाण्याखाली, चारी बाजूंनी सारख्या वेळा घासल्यावर शून्य पूर्णांक आठ. सहा रविवार मी मॉलमध्ये जाऊन एकटा खेळलो आणि सगळं वहीत लिहिलं. तेल शनिवारी सकाळी लावतात. रविवारी दुपारी चारपर्यंत ते बरंच उडालेलं असतं. निष्कर्ष स्पष्ट होता: गोळा गुळगुळीत हवा.

मी मोरीत बसून गोळ्याला पॉलिश लावत होतो तेव्हा बायको दारात येऊन उभी राहिली.

"कुकर घासायला सांगितला की गुडघा दुखतो."

"हे वेगळं काम आहे."

"दिसतंय. कुकर कधी एवढा चमकला नाही."

"यंदा म्हशी धुणार नाही मी."

"बघू. जुना शर्ट वेगळा काढून ठेवलाय," ती म्हणाली.

आता चूक सांगतो, ती माझीच आहे. आदल्या आठवड्यात मी लेन सांभाळणाऱ्या गृहस्थांना म्हणालो, "रविवारी चारला आमचे पाव्हणे येणार आहेत मुरगूडहून. लेन जरा व्यवस्थित ठेवा." मला म्हणायचं होतं, केर काढून ठेवा.

रविवारी पावणेचारला पोहोचलो. त्यांना विचारून लेनवर बोट टेकवलं तर बोट सरकन पुढे गेलं.

"तेल कधी लावलं?"

"आत्ताच की. पावणं येणार म्हणलासा न्हवं? दोन हात मारलं." ते खूश दिसत होते. पाव्हण्यांसाठी रश्श्यावर तवंग वाढवावा तसं त्यांनी लेनवर तेल वाढवलं होतं. या शहरात पाव्हणे येणार म्हटल्यावर कोणी काही मोजून घालत नाही, हे मला पन्नाशी गाठूनही सुचलं नव्हतं.

मेहुणे यायला दहा मिनिटं होती. मी गोळा उचलून फूड कोर्टच्या मागे गेलो. तिथे एक मावशी भांडी घासत होत्या. त्यांच्याकडे घासणी मागितली.

"कशाला?"

"हा गोळा घासायचाय."

त्यांनी गोळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "चकचकीत तर हाय की."

"म्हणूनच."

त्यांनी घासणी दिली आणि नळ थोडा माझ्याकडे वळवला. मी चारी बाजूंनी घासलं, मोजून. निळा गोळा राखाडी दिसू लागला. घासणी परत करायला गेलो तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या तुमास्नी." ती मी खिशात ठेवली.

आमचा एक लेखी नियमही आहे. गेल्या वर्षी शेवटचा गोळा टाकण्याआधी मेहुण्यांनी तो शुभ म्हणून डोक्यावरून फिरवला. त्यांच्या डोक्याला बारा महिने खोबरेल असतं. मी हरकत घेतली आणि तिथल्या तिथे कागद केला: पहिला गोळा पडल्यानंतर गोळ्याच्या पृष्ठभागात कोणीही बदल करायचा नाही, फक्त कोरड्या फडक्याने पुसायचं. दोघांच्या सह्या.

मेहुणे आले. माझ्या गोळ्यावरून अंगठा फिरवून म्हणाले, "दाजी, एवढा खर्च करून आणलासा आणि ह्यो तर चरे पडल्याला दिसतोय."

"मुद्दाम पाडलेत."

"बरं हाय मग," म्हणून त्यांनी रॅकवरचा सगळ्यात जड केशरी गोळा उचलला. ते सरळ आणि जोरात टाकतात. तेल असो वा नसो, त्यांना काही फरक पडत नाही. हे माझ्या वहीत नव्हतं.

पहिला डाव मी अठरा पिनांनी जिंकला. गोळा तेलातून जायचा, शेवटी शहाण्यासारखा वळायचा. दुसरा डाव सातने हरलो तरी बेरजेत अकराने पुढे होतो. प्रत्येक वेळी गोळा परत यायचा तेव्हा त्याच्यावर तेलाचं ओलं कडं असायचं आणि मी ते पुसायचो. तिसऱ्या डावात लक्षात आलं की लेनवरचं तेल फडक्यात येतंय. माझाच खरबरीत गोळा लेन कोरडी करत होता. तो आता अर्ध्या वाटेतच वळू लागला. मी डावीकडे सरकलो, आणखी सरकलो, शेवटी जागा संपली.

शेवटची फेरी. मेहुण्यांचे एकूण ३९१ होऊन ते बसले होते. माझे ३८३. आठ पाडल्या तर बरोबरी, नऊ पाडल्या तर स्कूटर. पॉलिशची बाटली पिशवीत होती. एक मिनिटाचं काम.

मेहुण्यांनी पिशवीकडे बघितलं. "लावा की दाजी. माझी काय हरकत न्हाय."

"नियम आहे."

"नियम आपलाच हाय. मी म्हणतोय न्हवं?"

बाटलीचं झाकण मी उघडलं होतं, हे कबूल करतो. परत लावलं. माझ्या सहीचा कागद होता.

पहिल्या गोळ्यात सात पडल्या. दुसरा तीन पिनांच्या पुढून, नारळाएवढं अंतर ठेवून, शांतपणे डावीकडे निघून गेला. ३९०.

लेनवाले धावत आले. "तेल कमी पडलं काय, पावणं?"

पाडव्याला सकाळी सातला मी जुना शर्ट घालून मुरगूडच्या गोठ्यात होतो. गल्ली दारात आली होतीच. यंदा म्हशी पाच. पहिली धुवायला घेतली आणि सवयीने खिशातली हिरवी घासणी काढली, तर मेहुण्यांनी हात धरला.

"ती नगं. चरे पडतील."

गल्ली हसली. त्यांनी मला काथ्या दिला.

चार म्हशी झाल्यावर मी रात्री लिहून आणलेला कागद काढला. नियमात दुरुस्ती: प्रत्येक डावाच्या सुरुवातीला गोळ्याच्या पृष्ठभागात बदल करायला दोघांनाही मुभा. मेहुण्यांनी तो दोनदा वाचला, पेन मागितलं, मग थांबले.

"म्हंजे डोकं बी चालंल न्हवं?"

त्यांचं डोकं उन्हात चमकत होतं. मी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि पाचव्या म्हशीच्या पाठीवर पाणी ओतलं.