दादांचं नाव

सलूनमध्ये केस वाळवायचा ड्रायर सुरू झाला, की त्या गरम हवेच्या वासानं मला भूम गावातल्या आमच्या अंगणातली एक दुपार आठवते. आम्हा दोघा भावांच्या नुकत्याच वाटण्या झाल्या होत्या आणि दोघांत मिळून घेतलेली पांढरी गाडी माझ्या वाट्याला आली होती. तिच्या मागच्या दारावर दोघांची नावं स्टीलच्या अक्षरांत चिकटवलेली होती. दादांचं नाव काढायला मी स्क्रूड्रायव्हर लावला, तेवढ्यात दादाच त्यांच्या दारातून ओरडले, "आरं थांब, रंग खरवडंल!" वहिनींचा ड्रायर आणि गोधडी शिवायचा जाड दोरा घेऊन ते आले. त्यांनी पहिलं अक्षर गरम केलं, त्याच्यामागून दोरा करवतीसारखा ओढला आणि ते अलगद सुटलं. मग ते थांबले. "एकच निघालंय, परत चिकटंल. बाकीचं काढू का?" विचारताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "राहू द्या दादा," एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "काढा." उन्हानं पत्रा लई तापला होता, तरी तळहात टेकवून त्यांनी स्वतःच्या नावाचं एकेक अक्षर सोडवलं, खोबरेल तेलानं डिंक पुसला. रंगाला ओरखडासुद्धा आला नाही. पुढं त्यांनी शेतात घर बांधलं. आता बाजारात भेटलो, तर आधी दादाच विचारतात, "बरं हाय का?" मी नुसतं "व्हय" म्हणतो, आणि पिशवी सावरत पुढं निघतो.