बिजलीबाईची आडवी फांदी

घनश्यामचं तेव्हाचं तोंड आठवलं की मले हसू येते, आन् हसू आलं की मागून राग येते. नुसतं हसून सोडून द्यावं असं त्या माणसानं काही केलंच नवतं.

मी इंदुताई. नदीकाठच्या अभयारण्याच्या गेटावर चहा-पोहे करते. इथून लोकं काठाकाठानं पायी फिराले जातात, संग एक गाईड असते. त्यायले पाहाची असतात पाणमांजरं. आन् पाणमांजर कुठी सापडंन हे एकाच बाईले समजे, तांड्यावरच्या बिजलीबाईले. वय पन्नाशीचं, लहानपणापासून याच काठानं ढोरं चारलेली. वाळूतले माशाचे खवले पाहून सांगे, "सकाळीच जेवून गेली याडी." त्यायच्या बोलीत याडी म्हणजे आई. पिल्लंवाल्या मादीले ती याडीच म्हणे.

तिचा एक नेम होता. पहाटे एकटी फिरून याची आन् जिकडं पिल्लं असतील त्या वाटेवर पळसाची फांदी आडवी टाकाची. तिचे आजे-पणजे बैलावर मीठ लादून गावोगाव फिरत, तवापासूनची ही खूण. फांदी आडवी दिसली की मागच्यानं तिकडं जाऊ नये. मंग लोकायले ती दुसऱ्या वाटेनं नेई आन् दुरूनच दाखवे.

घनश्याम आमचा जुना गाईड, रजिस्टर त्याच्याच हाती. बिजलीबाईले लिहिता येत नाही. कोणतं जनावर कुठी दिसलं हे ती सांगे, हा लिही, आन् गाईडच्या जागी सोताचं नाव टाके. सहा वर्षं! मंग दिवाळीच्या सुमाराले नियम आला, ज्याच्या नावावर नोंदी नाहीत त्याचं गाईडचं कार्ड बंद. बिजलीबाईच्या नावावर एकही नवती. घनश्यामनं साऱ्यायच्या समोर यादीतलं तिचं नाव पेनानं खोडलं आन् हातात झाडू दिला. मी भांडाले गेली तर मले म्हणे, "तुमी पोहे पाहा." मेल्याची हिंमत तर पाहा!

बिजलीबाई रडली नाही. झाडता झाडता म्हणे, "इंदुताई, ज्या हातानं खोडलं, त्याच हातानं लिहून घेईन." दुसऱ्या दिवशी महागावच्या बाजाराले जाऊन आली आन् गपगुमान गेट झाडाले लागली. पहाटेची फांदी मात्र तिनं सोडली नाही.

"आता कायले टाकतं वं फांद्या?" मी इचारलं.

"पिल्लायले काय माहीत, माहं कार्ड गेलं म्हणून?"

मंग एका सकाळी तिनं सोताच्या डोळ्यानं पाह्यलं. घनश्याम फांदी ओलांडून पंधरा लोकायले थेट बिळापाशी घेऊन चालला होता. तिच्या फांदीवरूनच त्याले जनावराचा पत्ता लागे! त्या हप्त्यात याडी बीळ सोडून गेली आन् एक पिल्लू मागं राह्यलं. थे मेलं. बिजलीबाईनं त्याले वाळूत पुरलं. तिचं तोंड पाहून मलेच भेव वाटलं.

मे महिन्यात यवतमाळहून वनखात्याचे साहेब आले, मुख्य गाईड निवडाले. घनश्याम नवा शर्ट घालून तयार. म्हणे, "साहेब, मले जंगल आतूनच कळते." मी नाश्त्याचा डबा घेऊन मागं चालली होती.

वाटेत फांदी आडवी दिसली. घनश्यामचे डोळे चमकले. ओलांडली. पुढं बेशरमाच्या झुडपाआड पाण्यात काळी काळी नाकं वर आलेली.

"शूऽऽ! पाहा साहेब, पाणमांजरं. चार हायेत!"

त्यातलं एक पाणमांजर उठून उभं राह्यलं. शिंगं होती त्याले. देवरावच्या म्हशी होत्या थ्या, गावच्या घाटावरच्या. रोज सकाळी तिथंच डुंबतात. आज फांदी म्हशीच्या वाटेवर कोणं मुद्दाम टाकली हे मले तवाच समजलं, आन् हसता हसता माह्या हातून डबा पडता पडता राह्यला.

साहेब हसले नाहीत. म्हणे, "वाटेत फांदी आडवी होती ना? मंग ओलांडली काहून? कोणं टाकली?"

घनश्याम नव्या शर्टाची बटनं चाचपाले लागला. मी कशाले गप बसू? सांगून टाकलं सारं, खोडलेल्या नावापासून मेलेल्या पिल्लापर्यंत.

साहेबांनी बिजलीबाईले बोलावलं. तिनं झाडू भिंतीले टेकवला आन् आमाले लांबच्या वाटेनं नेलं. एका दगडामागं बसवलं. पलीकडच्या काठावर याडी मासा फाडून दोन पिल्लायले चारून राह्यली होती. साहेब कितीक वेळ दुर्बीण खाली घेईनात.

गेटावर आल्यावर म्हणे, "उद्यापासून मुख्य गाईड तुमीच."

"थांबा साहेब," बिजलीबाई म्हणे. तिनं रजिस्टर घनश्यामपुढं सरकवलं. "तुहं अक्षर चांगलं हाय. लिही."

आन् सांगाले लागली. पहिल्या वर्षीचा पोळा, जांभळीचा डोह, मादी आन् तीन पिल्लं, पाहणारी बिजलीबाई. होळीचा दुसरा दिवस, खालचा घाट, एक नर, पाहणारी बिजलीबाई. सहा वर्षांतलं एकूण एक तिच्या डोस्क्यात होतं. दर ओळीले तिचं नाव, आन् दर नावाले घनश्याम मान खाली घालून लिहून राह्यला. ऊन डोक्यावर आलं. साहेब म्हणे, "बाई, पुरे आता."

"पिल्लू राह्यलं साहेब. लिही बे, माणसं बिळापाशी नेल्यानं मेलं. नेणारा घनश्याम."

त्याचं पेन थांबलं. म्हणे, "शाई संपली."

बिजलीबाईनं कमरेचा बटवा सोडला. आतून एक कोरं पेन काढलं. दिवाळीत महागावच्या बाजारातून तिनं थेच आणलं होतं, लिहिता न येणाऱ्या बाईनं. टोपण काढून तिनं थे घनश्यामच्या हातात दिलं आन् समोर मांडी घालून बसली.